आंबट, खार आणि फेस : बंगळूरच्या निमित्ताने शुद्धीच्या शब्दांचा इतिहास

लिंबू, संत्रे, मोसंबी यांच्या साली गूळ व पाणी यांत आंबवून त्या द्रवाने भांडी, फरशी आणि कपडे धुण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत बंगळूर शहरातील अनेक घरांत रूढ झाली आहे. या द्रवाला ‘बायोएन्झाइम’ असे नाव आहे आणि त्याची ओळख बहुधा ‘साबणाला नैसर्गिक पर्याय’ अशी करून दिली जाते. त्या ओळखीला जोडूनच आणखी एक विधान केले जाते : साबण येण्यापूर्वी आपले पूर्वज असेच करीत होते. प्रस्तुत निबंधाचा विषय हे दुसरे विधान आहे. लिंबूवर्गीय फळांचा शुद्धीशी असलेला संबंध फार जुना आहे यात शंका नाही. परंतु तो संबंध साबणाच्या जागेचा होता काय, आणि मराठी व कन्नड या शेजारी भाषांनी तो कोणत्या शब्दांत जपून ठेवला आहे, याचा शोध घेणे हा या लेखनाचा हेतू आहे.

बंगळूर हे स्थळ या शोधासाठी दोन कारणांनी सोयीचे आहे. एक तर ते साबणाच्या भारतीय इतिहासातील महत्त्वाचे ठिकाण आहे. दुसरे असे की मराठी आणि कन्नड यांचा सहवास तेथे जुना आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबरच्या मोहिमेनंतर बंगळूर शहाजीराजांकडे आले. त्यांच्या दरबारातील बहुभाषिकतेची साक्ष जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’ या काव्यात मिळते, वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये ते प्रकाशित केले. पेठांतील भावसार क्षत्रिय समाजासारखे मराठी भाषिक समाज या शहरात दीर्घकाळ नांदत आले आहेत. तेव्हा घरगुती वापरातील शब्दांची देवघेव येथे अपेक्षितच मानली पाहिजे.

१

प्रथम शास्त्रग्रंथांची साक्ष पाहू. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे प्रकरण आहे. तेथे तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील आणि शिसे या धातूंच्या शुद्धीसाठी क्षार, अम्ल आणि पाणी ही साधने सांगितली आहेत. वस्त्रांचा विचार त्याच प्रकरणात वेगळा केला आहे. रेशमी आणि लोकरी वस्त्रांना खारी माती, कुतप नावाच्या लोकरी कांबळ्यांना अरिष्टक म्हणजे रिठा, अंशुपट्ट या तलम वस्त्राला श्रीफळ म्हणजे बेलफळ आणि क्षौमाला पांढरी मोहरी, अशी ही विभागणी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीतही थोड्याफार फरकाने हाच क्रम दिसतो.

या विभागणीत आपल्या विषयाच्या दृष्टीने दोन गोष्टी लक्षणीय आहेत. अम्ल धातूंच्या वाट्याला आले आहे, वस्त्रांच्या वाट्याला आलेले नाही. आणि वस्त्र धुण्यासाठी जे एक रसाळ फळ सांगितले आहे ते बेल आहे. आधुनिक वनस्पतिशास्त्रानुसार बेल आणि लिंबू ही दोन्ही झाडे ‘रूटेसी’ या एकाच कुळातील आहेत. म्हणजे लिंबाच्या गोतात साबणाचे काम करणारे फळ जुन्या ग्रंथकारांना माहीत होते. पण ते काम बेलाच्या चिकट गराचे होते, लिंबाच्या आंबट रसाचे नव्हते.

ही विभागणी धर्मशास्त्राच्या सांकेतिक काटेकोरपणातून आलेली नाही, तिच्या मागे वस्तूंच्या गुणांचे निरीक्षण आहे. लिंबाच्या रसात सुमारे पाच ते सहा टक्के सायट्रिक आम्ल असते. कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७८४ मध्ये ते लिंबाच्या रसापासून वेगळे केले. तांब्यापितळेवर जो काळसर थर चढतो तो हे आम्ल विरघळवते, म्हणून भांडे उजळते. तेलकट मळ मात्र पाण्यात मिसळण्यासाठी दुसरा गुण लागतो : एका अंगाने तेलाला आणि दुसऱ्या अंगाने पाण्याला धरणारा पदार्थ हवा असतो. रिठ्याच्या आणि शिकेकाईच्या फळांतील सॅपोनिन हे काम करते आणि त्याचाच फेस होतो. साबणही हेच काम करतो. तेल किंवा चरबी यांवर तीव्र क्षाराची क्रिया होऊन तो तयार होतो. साबण स्वतः क्षारधर्मी असल्यामुळे त्यात लिंबू पिळले तर तो फाटतो आणि त्याचा फेस मरतो. रसायनदृष्ट्या लिंबू आणि साबण एकमेकांचे विरोधक आहेत. एकाला दुसऱ्याचा पर्याय म्हणताना ही गोष्ट नजरेआड होते.

२

शब्दांची साक्ष याहून वेगळी नाही. संस्कृत ‘अरिष्ट’ पासून मराठी ‘रिठा’ आला. आद्य स्वराचा लोप आणि ‘ष्ट’ चा ‘ठ’ हे दोन्ही बदल मराठीच्या घडणीत परिचित आहेत. ‘शिकेकाई’ची वाट निराळी आहे. कन्नडमध्ये या काटेरी वेलीला ‘सीगे’ म्हणतात आणि ‘कायि’ म्हणजे कच्चे फळ वा शेंग. मराठी माणूस शिकेकाईचे नाव घेतो तेव्हा कन्नडमधील ‘कायि’ हा शब्द नकळत उच्चारीत असतो. न्हाणीघरातील ही वस्तू आपल्याकडे दक्षिणेकडून आली, किंवा निदान तिचे नाव तरी तेथून आले, एवढे यावरून म्हणता येते.

‘साबण’ हा शब्द तर तीन खंडांचा प्रवास करून आला आहे. लॅटिन ‘सापो’, ग्रीक ‘सापोन’, अरबी ‘साबून’ ही त्याची ठळक स्थानके. मराठीत तो अरबी-फार्सी वाटेने आला की पोर्तुगीज ‘सबांव’च्या वाटेने, याविषयी दोन्ही बाजूंनी बोलता येते. गोव्याचे सेबास्तियांव रोदोल्फ दालगादो यांनी आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांवरील आपल्या १९१३ च्या कोशात या शब्दाची दखल घेतली आहे. कन्नडमधील ‘साबूनु’ हे रूप मात्र अरबी-फार्सी उच्चाराच्या उघडच जवळचे आहे.

या क्षेत्रात पहिला पद्धतशीर धांडोळा घेतला तो पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनी. रिठा, साबण आणि भारतातील धोबी यांच्या इतिहासावर त्यांनी स्वतंत्र टिपण लिहिले आणि इसवी सनापूर्वी सुमारे ३०० पासून १९०० पर्यंतचा काळ त्यात घेतला. शीर्षकातच रिठा आणि साबण यांच्या जोडीला त्यांनी धोबी ठेवला, ही बाब महत्त्वाची आहे. वस्तूचा इतिहास ती वापरणाऱ्या हातांपासून तोडता येत नाही, हे त्या शीर्षकातून सूचित होते. लिंबू मात्र त्या शीर्षकात नाही.

फळांच्या नावांचा प्रवास उलट दिशेने झाला आहे. नारिंगाचे संस्कृत नाव ‘नारंग’ हे मुळात द्राविड असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात. तेथून ते फार्सी ‘नारंग’, अरबी ‘नारंज’, स्पॅनिश ‘नारांखा’ असे होत इंग्रजी ‘ऑरेंज’पर्यंत गेले. ‘संत्रे’ हे पोर्तुगालमधील सिंत्रा गावावरून आले अशी समजूत आहे, पण बाबराने हिंदुस्थानातील फळांचे वर्णन करताना सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ‘संगतरा’ नोंदवले असल्यामुळे ती टिकणे अवघड आहे. संस्कृत ‘मातुलुंग’ मराठीत ‘महाळुंग’ झाले आणि कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हाती विसावले. बंगळूरजवळच्या देवनहळ्ळीच्या प्रसिद्ध फळाला कन्नडमध्ये ‘चक्कोता’ म्हणतात. हिंदी ‘चकोतरा’शी त्याचे नाते स्पष्ट आहे, तर मराठीने त्याच फळासाठी ‘पपनस’ हा अगदी वेगळ्या वंशाचा शब्द घेतला. थोडक्यात, फळे येथून पश्चिमेकडे गेली आणि साबण पश्चिमेकडून येथे आला. या दोन शब्दकुळांचा संबंध आपल्या भाषांत जुना नाही.

३

मग लिंबाचा शुद्धीशी संबंध कोठे होता? तो तीन ठिकाणी सापडतो.

पहिले ठिकाण स्वयंपाकघर व देवघर. तांब्याची भांडी आणि पूजेची उपकरणी चिंच, लिंबू, ताक, मीठ, राख यांनी घासण्याची रीत महाराष्ट्रात आणि कर्नाटकात सारखीच आहे. कर्नाटकात चिंचेला ‘हुणसेहण्णु’ म्हणतात एवढाच फरक. येथे मराठी क्रियापदे पाहण्यासारखी आहेत. भांडी ‘घासतात’, कपडे ‘धुतात’, केस ‘न्हातात’, तांबे ‘उजळते’. इंग्रजी वळणाच्या आजच्या जाहिरातीत या सर्वांसाठी ‘स्वच्छ करणे’ हे एकच क्रियापद चालते. जुन्या घरात प्रत्येक क्रियेचे साधन वेगळे होते म्हणून क्रियापदही वेगळे होते. ठाण्याच्या ‘पितांबरी’ चूर्णाने तांब्यापितळेसाठी स्वतंत्र बाजारपेठ निर्माण केली, ती याच जुन्या वेगळेपणाच्या आधारावर.

दुसरे ठिकाण रंगाऱ्याचे. भावसार समाजाचा परंपरागत व्यवसाय कापड रंगवण्याचा व छापण्याचा. कुसुंब्याच्या म्हणजे करडईच्या फुलांतील लाल रंग काढताना आधी पिवळा रंग पाण्याने धुऊन काढावा लागतो, मग खाराने लाल अंश सोडवावा लागतो आणि शेवटी लिंबासारखे आंबट घालून तो कापडावर बसवावा लागतो. खार आणि आंबट ही दोन परस्परविरोधी द्रव्ये आहेत आणि त्यांचा क्रम चुकला तर रंग हातचा जातो, हे ज्ञान रंगाऱ्याच्या घरात पाठ्यपुस्तकाशिवाय होते. लिंबू येथे कापडाला लागते, परंतु मळ काढण्यासाठी नव्हे; रंग धरण्यासाठी.

तिसरे ठिकाण विधीचे. दृष्ट काढणे, नव्या वाहनाच्या चाकाखाली लिंबू ठेवणे, दारावर लिंबू-मिरची टांगणे हे प्रकार दोन्ही प्रदेशांत आहेत. बंगळूरच्या बनशंकरी देवळात राहुकाळी लिंबाच्या रस पिळलेल्या वाट्या उलट्या करून त्यांत दिवे लावण्याची प्रथा प्रसिद्ध आहे. येथील शुद्धी मळाची नाही. ती अनिष्टाच्या निवारणाची आहे. शुद्धी या एका शब्दाखाली या तिन्ही गोष्टी गोळा केल्या की लिंबू सर्वशोधक वाटू लागते आणि त्यातून ‘पूर्वज लिंबाने धूत होते’ ही कल्पना सहज तयार होते.

स्नानाच्या ग्रंथपरंपरेतही असाच निष्कर्ष निघतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथावर मराठी आणि कन्नड या दोन्ही संस्कृतींचा सारखाच हक्क आहे. त्यातील ‘स्नानभोग’ हे प्रकरण अभ्यंगाचे आहे : आधी तेल, मग ते काढण्यासाठी चूर्ण वा लेप. दिवाळीच्या पहाटे मराठी घरांत वापरले जाणारे उटणे त्याच परंपरेतले. त्यात नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद असते. वाळवलेली संत्र्याची सालही कोठे कोठे घालतात, पण ती सुगंधासाठी.

४

साबणाचे रूढ होणे ही या प्रदेशात विसाव्या शतकाची घटना आहे आणि तिच्यात बंगळूरचा वाटा मोठा आहे. पहिल्या महायुद्धामुळे म्हैसूर संस्थानातील चंदनाची युरोपला होणारी निर्यात थंडावली. तेव्हा नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या दिवाण असताना, चंदनाचे तेल येथेच काढण्याचा उपक्रम सुरू झाला आणि १९१६ मध्ये बंगळूरला सरकारी साबण कारखाना निघाला. सोसले गरळपुरी शास्त्री या रसायनशास्त्रज्ञाने चंदनतेलाच्या साबणाचे तंत्र सिद्ध केले. ‘म्हैसूर सँडल’ साबणाच्या वेष्टनावर शरभाचे चिन्ह आले. मुंबईत याच सुमारास अर्देशीर गोदरेज यांनी वनस्पती तेलापासून साबण तयार केला. प्राण्यांच्या चरबीमुळे सोवळ्याच्या घरांत साबणाला जी अडचण होती ती या दोन्ही उद्योगांनी आपापल्या परीने दूर केली.

लिंबू साबणाच्या जवळ आले ते त्यानंतर, आणि तेही बाजाराच्या मार्गाने. १९७५ च्या सुमारास हिंदुस्तान लीव्हरने ‘लिरिल’ बाजारात आणला. धबधब्याखाली न्हाणाऱ्या तरुणीच्या जाहिरातीने लिंबाचा गंध आणि ताजेपणा यांचे समीकरण शहरी मध्यमवर्गाच्या मनात पक्के केले. पुढे भांड्यांच्या साबणानेही लिंबाची शक्ती सांगण्यास आरंभ केला. म्हणजे लिंबू आणि साबण यांची आपल्या डोळ्यांपुढची जोडी गेल्या अर्धशतकातील आहे. आज साबणाऐवजी लिंबू वापरा असे सांगणारा माणूस जुन्या परंपरेकडे जात आहे असे त्याला वाटते. प्रत्यक्षात त्याची कल्पनाशक्ती ज्या साबणाला तो नाकारतो त्याच्याच जाहिरातीने घडवलेली असण्याचा संभव अधिक.

५

आंबवलेल्या सालींच्या द्रवाचे मूळही जुन्या भारतीय ग्रंथांत नाही. तीन भाग साली, एक भाग गूळ, दहा भाग पाणी आणि तीन महिन्यांची मुदत, हे प्रमाण थायलंडच्या डॉ. रोसुकोन यांच्या नावाशी जोडले जाते. मलेशियातील पेनांग येथून डॉ. जोआन ऊन यांनी त्याचा प्रसार केला. या द्रवात प्रामुख्याने ॲसिटिक आणि लॅक्टिक यांसारखी आम्ले तयार होतात, आणि सालींतील तेलाचा काही अंश उतरतो. नळांवरचा व फरशीवरचा पाण्याचा पांढरा थर त्याने निघतो. बंगळूरच्या बाहेरील भागांत कूपनलिकांचे जड पाणी वापरावे लागते. त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे साबणाचा फेस होत नाही आणि चिकट साका बसतो. अशा पाण्यात आंबट द्रवाचा उपयोग खराच आहे. तेलकट भांड्यांसाठी मात्र अनेक गृहिणी त्यात रिठ्याचा काढा मिसळतात. अनुभवाने साधलेले हे मिश्रण म्हणजे मनुस्मृतीतील दोन वेगळ्या कप्प्यांची जोडणी आहे : धातूचे अम्ल आणि वस्त्राचे अरिष्टक.

ही पद्धत बंगळूरलाच का रुजली, याचे उत्तर परंपरेत नसून शहराच्या अलीकडच्या इतिहासात आहे. मावळ्ळीपुरा येथील कचऱ्याची भरणी २०१२ मध्ये बंद झाली, मंडूरची २०१४ च्या अखेरीस. दोन्ही ठिकाणी गावकऱ्यांनी शहराचा कचरा सोसला होता आणि शेवटी नाकारला. त्यानंतर उच्च न्यायालयाच्या आदेशांनी घरोघरी ओला व सुका कचरा वेगळा करणे बंधनकारक झाले आणि फळांच्या साली प्रथमच घरातील एक ‘प्रश्न’ म्हणून दिसू लागल्या. दुसरीकडे बेळ्ळंदूर तलाव होता. प्रक्रिया न केलेले सांडपाणी त्यात येत राहिल्याने अपमार्जकांचा फेस रस्त्यावर उडू लागला. २०१५, २०१७ आणि २०१८ या वर्षांत या तलावाला लागलेल्या आगींची चर्चा जगभर झाली. कारखान्यातील आजची बहुतेक अपमार्जके प्राणवायू असलेल्या पाण्यात विघटित होतात. परंतु मैल्याने कोंडलेल्या पाण्यात प्राणवायूच उरत नाही. त्यामुळे घरातील साबण बदलणे उपयुक्त असले तरी सांडपाण्यावरील प्रक्रियेची जागा ते घेऊ शकत नाही.

६

या ठिकाणी दोन संतकवींची आठवण अप्रस्तुत होणार नाही. तुकोबांच्या एका अभंगाचा आरंभ असा आहे की पाणीच निर्मळ नसेल तर साबण काय करणार. पुढे ते हा दृष्टांत चित्तशुद्धी आणि उपदेश यांना लावतात. तेथील ‘जीवन’ या शब्दाचा अर्थ पाणी हा आहे. तो आयुष्य असा घेतला तर दृष्टांताची नेमकी धार जाते. पुरंदरदासांच्या नावावरील एका कन्नड पदात ‘मडी’ म्हणून नुसते वस्त्र भिजवून नेसणाऱ्याला विचारले आहे की खरी मडी कामक्रोध टाकण्यात नाही काय. कन्नड ‘मडी’ म्हणजे आपले ‘सोवळे’. धोब्याला कन्नडमध्ये ‘मडिवाळ’ म्हणतात, आणि बाराव्या शतकातील शरण मडिवाळ माचिदेव हा त्या समाजाचा पूज्य पुरुष. बंगळूरच्या एका गजबजलेल्या भागाचे नाव आजही मडिवाळ आहे.

दोन्ही कवींनी बाह्य शुद्धीला प्रश्न विचारला, पण त्यांच्या प्रश्नांत फरक आहे. कन्नड पद विधीच्या अपुरेपणावर बोट ठेवते. तुकोबांचा दृष्टांत धुण्याच्या व्यवहारातून आलेला आहे : साधन कितीही चांगले असो, ज्या माध्यमात ते वापरायचे ते गढूळ असेल तर श्रम वाया जातात. धोब्याला हे रोजच्या अनुभवाने माहीत असते. सतराव्या शतकातील श्रोत्याला साबण ही वस्तू दृष्टांतासाठी पुरेशी ओळखीची होती, ही भाषेच्या इतिहासाची नोंदही त्यातून मिळते.

या विवेचनातून निघणारे निष्कर्ष असे. लिंबूवर्गीय फळांना शुद्धीच्या व्यवहारात मानाचे व निश्चित स्थान होते. ते धातू, रंग आणि विधी यांच्या क्षेत्रातले होते. साबणाचे काम रिठा, शिकेकाई, बेल, खारी माती यांनी केले, आणि ते वापरण्याचे कष्ट बहुतांशी धोब्याने व घरातील स्त्रियांनी उपसले. आजचा सालींचा द्रव आग्नेय आशियातून आलेला, महानगरातील कचरा आणि पाणी यांच्या पेचातून रुजलेला नवा उपक्रम आहे. त्याला प्राचीनतेचे प्रमाणपत्र दिल्याने त्याची उपयुक्तता वाढत नाही; उलट जुन्या ज्ञानातील नेमकेपणा पुसला जातो. कोणते द्रव्य कशाला, हे सांगणारी ‘घासणे’, ‘धुणे’, ‘न्हाणे’, ‘उजळणे’ ही क्रियापदे त्या ज्ञानाची शेष राहिलेली कागदपत्रे आहेत. दोन भाषांतील अशा घरगुती शब्दांचा तौलनिक कोश तयार झाला तर भौतिक संस्कृतीच्या इतिहासाला आणि साहित्यातील दृष्टांतांच्या अभ्यासालाही त्याचा आधार होईल. बेळ्ळंदूरच्या काठावर उभे राहून तुकोबांचा अभंग वाचणाऱ्याला ‘जीवन’ या शब्दाचा अर्थ मात्र वेगळा सांगावा लागणार नाही.